फुरसं चावल्यावर आमच्या ग्रामीण रुग्णालयात मिळालेली ट्रीटमेंट – ५ पैकी ५ स्टार

५ स्टार देतेय आणि जरा लांबलचक लिहितेय. सरकारी दवाखान्यांचे रिव्ह्यू बघितले की एकतर शिव्या असतात नाहीतर नुसतं "छान सेवा", आणि रात्री घरात कोणाला साप चावलाय आणि माणूस मोबाईलवर शोधतोय तेव्हा यातलं काहीच कामाला येत नाही. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात, औषध आहे का, डॉक्टर आहेत का, आणि त्यांना हे जमतं का. तर आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषध होतं, डॉक्टर होत्या, आणि त्यांना हे फार चांगलं जमतं.

पेशंट म्हणजे माझे काका, वय साठीच्या पुढे, काजूच्या बागेत पाचोळा ओढताना बोटाला फुरसं (हा विषारी साप) चावलं. कोकणातल्या माणसाला फुरसं वेगळं सांगायला नको, कातळावर, जांभ्याच्या गडग्यात, पाल्याखाली, कुठेही असतं, हातभर लांबीचं जेमतेम, आणि डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतं. लहान दिसतं म्हणून लोक हलक्यात घेतात. काकाही म्हणत होते की काही होत नाही, हळद लावा, सकाळी बघू. काकूंनी ऐकलं नाही आणि शेजारच्यांच्या रिक्षात घालून थेट दवाखान्यात आणलं, मी मागून टू-व्हीलरवर पोचले. वाटेत एकांनी सुचवलं की आधी जवळच्या क्लिनिकमध्ये टिटॅनसचं इंजेक्शन मारून घ्या, आम्ही थांबलो नाही, आणि ते किती बरोबर झालं ते पुढे कळलं.

दारात शिरल्या शिरल्या सिस्टर म्हणाल्या "केस पेपर नंतर काढा, आधी पेशंट आत घ्या". हे वाक्य मी विसरणार नाही. रात्रीच्या ड्युटीला एकच मेडिकल ऑफिसर मॅडम, वयाने लहान, पण आवाजात अजिबात गडबड नाही. कधी चावलं, काय करत होतात, कोणी काही बांधलं का कापलं का, हिरड्यातून रक्त येतंय का, लघवीचा रंग कसा आहे, हार्टच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे सगळं विचारत विचारतच त्यांनी बोटातली अंगठी काढून घेतली कारण सूज वाढल्यावर ती निघत नाही, मनगटाला कोणीतरी सुतळी आवळलेली होती ती नाडी बघून सोडवली, आणि सूज जिथपर्यंत आली होती तिथे पेनाने रेघ मारून बाजूला वेळ लिहिली. साप आणलाय का म्हणून एकदाही विचारलं नाही. काकूंनीच सांगितलं की फुरसं होतं, तर म्हणाल्या ठीक आहे, पण आता रक्तच काय ते सांगेल.

मग त्यांनी दुसऱ्या हातातून २ मिली रक्त काढलं, एका कोऱ्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घातलं, नळीला पट्टी लावून त्यावर वेळ लिहिली आणि टेबलावर स्टँडमध्ये उभी करून ठेवली. सिस्टरनी आम्हाला सांगितलं, "कोणी हात लावू नका हां, हलवू पण नका." बस. मशीन नाही, लाईट नाही, बटण नाही. वीस मिनिटं नुसतं थांबायचं. या टेस्टचं नावच वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट आहे आणि साप चावलेल्या माणसाला अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, द्यायचं की नाही हे बऱ्याचदा हिच्यावर ठरतं. साध्या माणसाचं रक्त काचेच्या नळीत साधारण पाच ते दहा मिनिटांत गोठून घट्ट होतं. वीस मिनिटांनी नळी हळूच आडवी केली आणि रक्त तसंच वाहिलं तर समजायचं की विष आत काम करतंय.

काकूंचा धीर सुटत होता, "अहो औषध लगेच का देत नाही" असं त्या दोनदा म्हणाल्या. मॅडम चिडल्या नाहीत. तिथेच उभं राहून, एक डोळा काकांवर ठेवून, त्यांनी समजावून सांगितलं की औषध फुकट घालवायची वस्तू नाहीये आणि त्याची रिअ‍ॅक्शनही येऊ शकते, चावलेल्या प्रत्येकाच्या अंगात विष गेलेलं असतंच असं नाही, बऱ्याचदा साप कोरडा चावा घेतो, म्हणून आधी खात्री. तोवर सलाईनची सुई लावून ठेवली, औषध काढून ठेवलं. त्या वीस मिनिटांत त्यांनी जे सांगितलं आणि नंतर घरी येऊन मी जे वाचलं ते एकत्र लिहिते, कारण हे कळलं की तिथे बसलेल्या नातेवाईकांची अर्धी घालमेल कमी होते असं मला वाटतं.

आपल्याला कुठे कापलं की आधी ती रक्तवाहिनीच आकसते, मग प्लेटलेट्स येऊन तिथे चिकटतात (रिपोर्टमध्ये दीड ते साडेचार लाख लिहिलेल्या असतात त्याच), त्यांना चिकटायला फॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं प्रोटीन लागतं. पण प्लेटलेट्सचा हा थर कच्चा असतो, त्याला पक्कं करायला जाळी लागते. रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर नावाची एक गोष्ट असते, एरवी रक्ताची तिच्याशी गाठ पडत नाही, जखम झाली की पडते, आणि तिथून एक फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रोटीन, यांना नंबर दिलेले असतात) दुसऱ्याला जागं करत जातो, सातवा दहाव्याला, दहावा पाचव्याला सोबत घेऊन प्रोथ्रॉम्बिनला, मग प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन होतं आणि थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं, म्हणजे धागे, आणि तेरावा फॅक्टर ते धागे एकमेकांना घट्ट जोडून टाकतो. यात पायरीपायरीवर कॅल्शियम लागतं. बहुतेक फॅक्टर लिव्हर बनवतं, त्यातल्या काहींना व्हिटॅमिन के लागतं. आणि हे सगळं जखमेपुरतंच राहावं, सगळ्या अंगात पसरू नये म्हणून शरीराने ब्रेकही ठेवलेत, अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी वगैरे, आणि काम झालं की प्लाझ्मिन येऊन ती जाळी विरघळवून टाकतं. रोज आपल्या अंगात हे कुठे ना कुठे चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. मला हे वाचताना खरंच भरून आलं होतं.

आता फुरसं यात काय करतं. बऱ्याच लोकांना वाटतं की विषाने रक्त "पातळ" होतं. होतं उलटं, विष रक्ताला गोठायलाच लावतं. फुरशाच्या विषात एकॅरिन नावाचं एन्झाइम आहे, ते वरचा सगळा रस्ता सोडून थेट प्रोथ्रॉम्बिनवर काम करतं, त्याला जखम लागत नाही, टिश्यू फॅक्टर लागत नाही, कॅल्शियमसुद्धा लागत नाही, आणि त्यातून जे तयार होतं त्यावर शरीराचे ब्रेक नीट चालत नाहीत. मग सगळ्या रक्तात बारीक बारीक फायब्रिन बनत राहतं, प्लाझ्मिन ते विरघळवत राहतं, आणि थोड्याच वेळात फायब्रिनोजेन संपतं. गावजेवणात पंगत बसायच्या आधीच कोणी मागच्या दाराने सगळी पातेली रिकामी करून जावं आणि मग पानावर वाढायला काहीच उरू नये, तसं होतं हे. डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असायला हवं ते फायब्रिनोजेन जवळजवळ शून्यावर येऊ शकतं. त्यात विषातली दुसरी एन्झाइम्स बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा करतात, म्हणजे भिंत फुटतेय आणि बुजवायला सामान नाही. म्हणून हिरड्यातून, लघवीतून, जुन्या खरचटलेल्या जागेतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत राहतं, आणि मेंदूत झालं तर माणूस जातो.

टिटॅनसच्या इंजेक्शनचं कोडं इथे सुटलं. ते दंडात स्नायूत देतात. रक्त गोठतच नसेल तर तिथे आतल्या आत रक्त साचत जातं. इथे त्यांनी ते इंजेक्शन दिलं पण रक्त गोठायला लागल्यावरच. तसंच नुसतं व्हिटॅमिन के देऊन, किंवा अँटिव्हेनम न देता प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा चढवून काही उपयोग होत नाही, अंगात विष मोकळं असेपर्यंत जे चढवाल ते तेही संपवणार. घोणशीचंही पुष्कळसं असंच आहे, फक्त तिच्या विषातली एन्झाइम्स दहाव्या आणि पाचव्या फॅक्टरला जागं करतात आणि तिच्यात किडनी जायची भीती जास्त. याच विषांतून लॅबमध्ये टेस्ट बनवल्यात हे वाचून मी थक्क झाले, घोणशीच्या विषाने रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट तपासतात आणि एकॅरिन वापरून रक्त गोठू न देणाऱ्या काही औषधांचा परिणाम मोजता येतो.

आणि नळी काचेचीच का, प्लास्टिकची का नाही, हे मी मुद्दाम विचारलं कारण आजकाल सगळं प्लास्टिकच असतं. उत्तर मला फार आवडलं. रक्तात बारावा फॅक्टर असतो, तो काचेच्या पृष्ठभागाला लागला की जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू करतो. प्लास्टिकमध्ये हे हळू होतं, साबणाने धुतलेल्या काचेतही नीट होत नाही, मग चांगलं रक्तसुद्धा वीस मिनिटांत गोठत नाही आणि उगाच औषध दिलं जातं. म्हणून कोरी, कोरडी, काचेची. या बाराव्या फॅक्टरला हेगमन फॅक्टर म्हणतात. जॉन हेगमन हा अमेरिकेतला रेल्वेत काम करणारा माणूस, १९५० च्या दशकात ऑपरेशनच्या आधी तपासताना त्याचं रक्त नळीत गोठेना, पण माणसाला आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ या डॉक्टरांनी त्यावर काम केलं. म्हणजे अंगातली जखम बुजवायला हा फॅक्टर लागतच नाही म्हटलं तरी चालेल, नळीत मात्र त्याच्याशिवाय अडतं. आणि तोच हेगमन पुढे १९६८ साली फुप्फुसात गुठळी जाऊन वारला. रक्त गोठणं किती गुंतागुंतीचं आहे ते या एका माणसावरून कळतं.

बरं, परत वॉर्डात. वीस मिनिटं झाली, सिस्टरनी घड्याळ बघून मॅडमना हाक मारली, नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं सरकन कडेला आलं. मॅडमनी काकूंना स्पष्ट सांगितलं की विष गेलंय, औषध सुरू करतोय. अँटिव्हेनम पावडरच्या स्वरूपात असतं, एकेक वायल पाण्यात विरघळवायला वेळ लागतो, जोरात हलवलं की फेस होतो म्हणून सिस्टर हातात धरून हळूहळू फिरवत होत्या, दहा वायल्स, एकामागून एक, शांतपणे. ते सलाईनमधून साधारण तासाभरात देतात. सुरू करायच्या आधी अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं होतं, आणि बरं झालं ठेवलं, कारण थोड्या वेळाने काकांना अंगभर खाज आणि थंडी सुरू झाली. सलाईन थांबवलं, इंजेक्शनं दिली, पाच-दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला, मग परत हळू वेगाने चालू. हे औषध घोड्यांना थोडं थोडं विष देऊन त्यांच्या रक्तातून बनवतात, त्यामुळे आपलं शरीर ते परकं समजून असं करू शकतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच औषध असतं, म्हणून कुठला साप होता हे कळलं नाही तरी उपचार अडत नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही हे औषध बनवलं गेलंय.

मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते त्या उरलेल्या रात्रीचं. औषध दिलं म्हणजे लगेच रक्त गोठायला लागत नाही. औषध फक्त विषाला धरतं, संपलेलं फायब्रिनोजेन लिव्हरलाच नव्याने करावं लागतं आणि त्याला काही तास लागतात, म्हणून सहा तासांनी परत तीच टेस्ट करायची असा नियम आहे. पहाटे, जेव्हा माणसं चुकतात किंवा टाळतात अशा वेळी, सिस्टर आल्या, रक्त काढलं, नवीन नळी, पट्टी, वेळ. परत वाहिलं. परत औषध. मॅडम दोन्ही वेळा स्वतः उठून आल्या, नळी स्वतः बघितली. दुसऱ्या दिवशी दुपार जवळ येताना नळी आडवी केली आणि आतला लाल गोळा जागचा हलला नाही. सिस्टर हसल्या, काकू रडल्या. त्यानंतरही लगेच सोडलं नाही, अजून टेस्ट केली, कारण चावलेल्या जागेतून विष हळूहळू रक्तात येत राहू शकतं आणि गोठणं परत बिघडू शकतं. लघवी किती होतेय ते मोजत होते, रेघेच्या पुढे सूज जातेय का बघत होते.

खर्च: औषधाचा, बेडचा, टेस्टचा एक रुपया घेतला नाही. एवढ्या वायल्स बाहेरून घ्यायच्या म्हटलं असतं तर काकांसारख्या माणसाने आधी नकोच म्हटलं असतं.

जे कमी आहे तेही लिहिते. डायलिसिस नाही, म्हणजे घोणस चावलेल्याची किडनी बिघडली किंवा मण्यार-नागाने श्वास अडकला आणि व्हेंटिलेटर जास्त वेळ लागला तर जिल्ह्याला पाठवावं लागतं, पण औषधाचा पहिला डोस इथे देऊनच पाठवतात असं सिस्टर म्हणाल्या आणि ते फार महत्त्वाचं आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या पीटी-आयएनआर सारख्या टेस्ट रात्री होत नाहीत. नातेवाईकांना बसायला बाकडी अपुरी, बाथरूमला आतून कडी नाही, पावसात पोर्चमध्ये पाणी येतं. रात्री एकाच डॉक्टरवर बाळंतपणापासून अ‍ॅक्सिडेंटपर्यंत सगळं, ते बघवत नाही, तिथे अजून एक माणूस द्यायलाच हवा. पण यासाठी मी स्टार कापणार नाही, हे त्या माणसांच्या हातातलं नाही. जे त्यांच्या हातात होतं, म्हणजे कोरी नळी, घड्याळ, लक्ष आणि आमच्याशी बोलणं, त्यात त्यांनी तसूभर कमी केलं नाही.

कोणी हे वाचून निघणार असेल तर: चावलेला हात-पाय हलू देऊ नका, फळी नाहीतर जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन सैलसर बांधा, पेशंटला चालवू नका. आवळून सुतळी बांधू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका, रक्त गोठत नसलेल्या माणसाला ब्लेड मारणं म्हणजे काय ते वर वाचलंच असेल. साप मारत बसू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर राहू द्या. गाडी नसेल तर १०८ लावा. वाटेत मांत्रिक, झाडपाला, छोटं क्लिनिक कुठेच थांबू नका. आधीपासून कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत घ्या. लहान मूल असेल तर घाबरून "एवढं औषध पोराला कशाला" असं म्हणू नका, साप मुलाला कमी विष देत नाही, म्हणून अँटिव्हेनमचा डोस लहानांना आणि मोठ्यांना सारखाच असतो. गरोदर बाईलाही देतात.

आणि घरी सोडल्यावरचं: डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, त्यावर किती वायल्स दिल्या आणि रिअ‍ॅक्शन आली होती का ते लिहिलेलं असतं, पुढे कधी परत हे औषध द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ते लागतं. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ असं आलं तर तो औषधाचाच उशिरा येणारा परिणाम असू शकतो, काकांना आला होता, ओपीडीत दाखवलं, गोळ्यांनी गेला. ओपीडी सकाळची गाठा, केस पेपरच्या खिडकीवर सर्पदंशाचा पेशंट परत दाखवायला आलाय असं सांगितलं की आत लवकर घेतात.